मधुमेह्याच्या रक्तातल्या पुटिका: आत काय बदलतं आणि मोजताना काय फसतं

प्रश्न असा आहे: "मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी 'मधुमेह आणि लठ्ठपणात रक्तातल्या एक्सोसोममधलं जनुकीय द्रव्य कसं बदलतं' हा विषय घेतलाय. माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत, डोंबिवलीला राहतात, १२ वर्षांपासून मधुमेह आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही आलंय. मॅडम, म्हणजे त्यांचा डीएनए बदलून तो अंगभर पसरतोय असं समजायचं का? आणि त्यांची अशी एक्सोसोमची तपासणी करून घेण्यात अर्थ आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी देते: नाही, आज तरी नाही. का, ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नातला 'बदलतं' हा शब्द मात्र नीट सोलून बघायला हवा. माझ्याकडे प्रकल्पाला येणारी निम्मी मुलं तिथेच घसरतात.

पुटिका म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्या, आणि एक्सोसोम हा त्यांचाच एक लहान प्रकार. बाबांचा डीएनए बदलून पुटिकांतून अंगभर पसरतोय, असं काही होत नाही. बदलतो तो माल. कोणत्या पेशीने किती पुटिका रक्तात सोडल्या, आणि त्या भरताना आरएनएचे कोणते तुकडे आत टाकले नि कोणते घरी ठेवले, हे आजाराप्रमाणे बदलतं. जनुकं तीच, पण त्यांच्यावरून निघालेल्या चिठ्ठ्यांची निवड वेगळी. हा फरक मनात पक्का झाला की पुढचं सगळं सोपं आहे. नाही झाला, तर तुमच्या प्रबंधात 'म्युटेशन' हा शब्द येईल आणि तोंडी परीक्षेत परीक्षक तिथूनच सुरुवात करतील.

पेशी आपल्या पटलाचे बारीक फुगे बाहेर सोडतात, हे फार जुनं निरीक्षण आहे. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांना प्लेटलेट काढून टाकलेल्या प्लाझ्मातही रक्त गोठवणारे सूक्ष्म कण दिसले. त्यांनी त्याला प्लेटलेटची धूळ म्हटलं. १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तरुण लाल पेशी मोठ्या होताना नको असलेला ट्रान्सफेरिन रिसेप्टर अशा फुग्यांत भरून बाहेर टाकतात. त्यातल्याच एका गटाच्या रोझ जॉनस्टोन यांनी पुढे 'एक्सोसोम' हे नाव रूढ केलं. बरीच वर्षं सगळ्यांचं मत एकच होतं: हा पेशीचा कचरा. मग २००७ मध्ये स्वीडनच्या गॉथेनबर्गमधून वलादी, लोटवाल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. उंदराच्या मास्ट पेशींच्या एक्सोसोममध्ये आरएनए सापडला, आणि तो माणसाच्या पेशींना दिल्यावर त्या पेशींत चक्क उंदराची प्रथिनं तयार झाली. तेव्हापासून या क्षेत्राला जी भरती आली ती ओसरलेली नाही.

समजावताना सगळे डबेवाल्यांची उपमा देतात. मुंबईत राहून ती सुचणारच. मला ती पटत नाही. डब्यावर खूण असते आणि तो नेमक्या माणसाच्या टेबलावर जातो. पुटिकांच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनं त्यांना ठरावीक अवयवांकडे ओढतात हे खरं, पण प्राण्यांना शिरेतून दिलेल्या पुटिकांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा काही मिनिटांतच गिळून टाकतात. मी गिरगावात चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर दर महिन्याला रद्दीवाला यायचा आणि त्याला प्रत्येक बिऱ्हाडाची खबर असायची. कुणाकडे औषधांची खोकी वाढली, कुणाचा मुलगा दहावीला बसला, कुणी वर्तमानपत्र बंद केलं. कुणी त्याला काही सांगायचं नाही, तो रद्दीच्या गठ्ठ्यावरून ओळखायचा. रक्तातल्या पुटिकांकडे मी तशी बघते. त्यात निरोपही असेल, पण आधी ती घरातल्या परिस्थितीची रद्दी आहे.

आता गठ्ठ्यात असतं काय? एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. पेशीच्या पृष्ठभागावरून थेट फुटणारे मायक्रोव्हेसिकल १०० ते १००० नॅनोमीटरचे. मरणाऱ्या पेशींचे तुकडे त्याहून मोठे. रक्तातून वेगळं केल्यावर कुठला कुठून आला हे सांगणं बहुधा अशक्य, म्हणून हल्ली शहाणी माणसं 'एक्सोसोम' न म्हणता 'ईव्ही' (एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल, म्हणजे पेशीबाहेरच्या पुटिका) म्हणतात. तुम्हीही प्रबंधाच्या शीर्षकात तसंच लिहा. आत मायक्रोआरएनए, टीआरएनएचे तुकडे, वाय-आरएनए, संदेशवाहक आरएनएचे अवशेष आणि काही पुटिकांत मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा, डीएनए मिळतो. अगदी लहान एक्सोसोममध्ये खरोखर डीएनए असतो का, यावर भांडण आहे. २०१९ मध्ये एका काटेकोर अभ्यासाने तो तिथे नसतो, दुसऱ्याच कणांबरोबर येतो असं दाखवलं, आणि आधी ज्यांनी त्यावर निबंध छापले होते त्यांना ते अर्थातच रुचलं नाही.

मधुमेहाच्या संदर्भात बहुतेक काम मायक्रोआरएनएवर आहे. हे सुमारे २२ अक्षरांचे तुकडे. स्वतः प्रथिन बनवत नाहीत, पण दुसऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचं तोंड बंद करतात. १९९३ मध्ये एका गोलकृमीत पहिला सापडला आणि २०२४ चं वैद्यकाचं नोबेल त्यासाठीच व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं. एकेक मायक्रोआरएनए अनेक जनुकांचा आवाज खाली आणतो, त्यामुळे त्याचं प्रमाण थोडं हललं तरी पेशीची घडी बिघडू शकते.

भरण्याचं काम आंधळं नसतं. पेशीत काही प्रथिनं हमालांसारखी असतात. त्यातलं एचएनआरएनपीए२बी१ हे जीजीएजी यासारख्या लहान अक्षरखुणा असलेले मायक्रोआरएनए ओळखून पुटिकेत ढकलतं, हे २०१३ मध्ये स्पेनच्या एका गटाने दाखवलं. हे प्रथिन सुमोयलेशन नावाची एक रासायनिक शेपूट लागल्यावरच ते काम करतं, म्हणजे पेशीची अवस्था बदलली की हमालाचा मूडही बदलतो. २०२२ मध्ये बोस्टनच्या रोनाल्ड कान यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक पायरी गाठली. काही अक्षरखुणा 'बाहेर टाक' सांगतात, काही 'घरातच ठेव' सांगतात, आणि चरबीच्या पेशी, स्नायूपेशी, यकृतपेशी यांच्या खुणा वेगवेगळ्या. दुसरीकडे, पुटिका तयार होण्याच्या एका मार्गाला सेरामाइड हे स्निग्धद्रव्य लागतं. इथे चयापचयाचा धागा थेट जुळतो. रक्तात संपृक्त स्निग्धाम्लं वाढली, विशेषतः पामिटेट, की यकृतपेशीत सेरामाइड वाढतं, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यावर) ताण येतो आणि पुटिका भराभर बाहेर पडू लागतात. म्हणजे माल बदलण्याआधी मालाची आवकच वाढलेली असते. तुमच्या आलेखात एखादा मायक्रोआरएनए दुप्पट दिसला तर पहिला प्रश्न हा: प्रत्येक पुटिकेत तो दुप्पट झाला, की पुटिकाच दुप्पट झाल्या? याचं उत्तर न देणारे शोधनिबंध मी ढिगाने परीक्षले आहेत.

चरबीपासून सुरुवात करू, कारण गंमत तिथे आहे. २०१७ मध्ये कान यांच्याच प्रयोगशाळेने अशा उंदरांचा अभ्यास केला ज्यांच्या फक्त चरबीपेशींत डायसर हे मायक्रोआरएनए कापून तयार करणारं विकर नव्हतं. त्यांच्या रक्तातल्या एक्सोसोममध्ये तपासलेल्या साडेसहाशेच्या आसपास मायक्रोआरएनएंपैकी चारशेहून अधिक घटले. म्हणजे रक्तातल्या पुटिकांत फिरणाऱ्या मायक्रोआरएनएचा मोठा हिस्सा आपल्या चरबीतून येतो. मग त्या उंदरांत निरोगी तपकिरी चरबीचं रोपण केलं, तर साखर हाताळण्याची क्षमता सुधारली आणि यकृतात एफजीएफ२१ या जनुकाची पातळी खाली आली. जन्मतः किंवा एचआयव्हीच्या संदर्भात चरबी नाहीशी होणाऱ्या रुग्णांतही पुटिकांतले मायक्रोआरएनए कमी सापडले. चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही हे आपण लेप्टिन या चरबीतून येणाऱ्या संप्रेरकापासून ऐकत आलो आहोत. पण ती यकृताला जनुकीय मजकूर पाठवते हे ऐकून तेव्हा मीही दोन दिवस तो निबंध परत परत वाचत होते.

त्याच वर्षी सॅन डिएगोहून जेरॉल्ड ओलेफ्स्की यांच्या गटाचं काम आलं. लठ्ठ उंदरांच्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी, शिरून बसतात. त्यांचे एक्सोसोम सडपातळ उंदरांना टोचले, तर ते सडपातळ उंदीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले. उलट सडपातळ उंदरांच्या मॅक्रोफेजचे एक्सोसोम लठ्ठांना दिले, तर त्यांची साखर सुधारली. लठ्ठांच्या पुटिकांत मिर-१५५ ('मिर' हे मायक्रोआरएनएचं छोटं रूप) जास्त होता आणि त्याचं एक लक्ष्य आहे पीपीएआर-गॅमा, म्हणजे इन्शुलिनला दाद देण्याशी जोडलेलं एक प्रथिन. बाबांच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये कदाचित पायोग्लिटाझोन असेल. ते औषध याच पीपीएआर-गॅमाला जागं करतं. म्हणजे एक गोळी ज्या बटणावर दाब देते, नेमकं तेच बटण आजारी चरबीच्या चिठ्ठ्या खाली ओढतात. किमान उंदरात तरी.

इथे आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २००४ मध्ये पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा, पण आतून चरबीचा भारतीय. आता विचार करा: रक्तातल्या पुटिकांचा मोठा वाटा चरबीतून येत असेल, आणि तुम्ही तुमचे गट बीएमआयवर पाडले, तर तुमचा 'निरोगी' गट कितपत निरोगी? आपल्याकडे २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. तेही पुरेसं नाही. कंबर मोजा, जमलं तर बॉडी फॅट मोजा. एका मोजपट्टीची किंमत तुमच्या एका पीसीआर प्लेटपेक्षा (आरएनए मोजण्याच्या चाचणीच्या तबकडीपेक्षा) कितीतरी कमी आहे.

यकृताकडे वळते, कारण बाबांचा प्रश्न तिथेही आहे. यकृतपेशीतल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के एकटा मिर-१२२ असतो. त्यामुळे रक्तात तो वाढला की यकृत बोलतंय हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. फॅटी लिव्हरमध्ये तो वाढतो. पण मिर-१२२ रक्तात कशात बसून आलाय हे जास्त बोलकं असतं. उंदरांवरच्या कामात पॅरासिटामॉलच्या विषबाधेत तो मुख्यतः प्रथिनांना चिकटून आला, म्हणजे पेशी फुटून सांडला. दारूमुळे झालेल्या दाहात मात्र तो एक्सोसोमच्या अंशात होता, म्हणजे जिवंत पेशीने भरून पाठवला. एकच रेणू, दोन वेगळ्या गोष्टी. एकूण प्लाझ्मातला मिर-१२२ मोजणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही.

तुमच्या प्रश्नातल्या 'डीएनए' शब्दाला थोडा आधार इथेच मिळतो. चरबीने ठासलेल्या यकृतपेशींचे मायटोकाँड्रिया थकतात. मायटोकाँड्रियाचा डीएनए म्हणजे माणसात १६,५६९ अक्षरांचं एक छोटं वर्तुळ. त्याचं मूळ जिवाणूचं, त्यामुळे तो आपल्या प्रतिकारशक्तीला परका वाटतो. २०१६ मध्ये दाखवलं गेलं की एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) वाढलेल्या लठ्ठ रुग्णांच्या रक्तातल्या सूक्ष्म कणांत असा डीएनए जास्त असतो आणि तो टीएलआर९ हा पहारेकरी जागा करून यकृताचा दाह वाढवू शकतो. लक्षात घ्या, इथेही डीएनएची अक्षरं बदललेली नाहीत. घरातली वस्तू चुकीच्या ठिकाणी सापडली म्हणून आरडाओरडा झाला, एवढंच.

स्वादुपिंडाबद्दल फार लांबवत नाही. बीटा पेशींचा खास मिर-३७५ त्या पेशी मरताना रक्तात दिसतो, आणि टाइप १ मधुमेहाच्या उंदरांवर टी पेशींच्या एक्सोसोममधून मिर-१४२ आणि मिर-१५५ बीटा पेशींत जाऊन त्यांना मारायला मदत करतात असं काम आहे. बाबांचा मधुमेह टाइप २ असणार, त्यांना हे तितकं लागू नाही.

रक्तवाहिन्यांचं प्रकरण मात्र बारकाईने वाचा, कारण त्यात या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धडा आहे. २०१० मध्ये इटलीतल्या ब्रुनेक शहराच्या आठशेहून अधिक रहिवाशांच्या साठवलेल्या प्लाझ्मावर काम झालं. मधुमेहींत मिर-१२६ कमी होता. हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा मायक्रोआरएनए मानला जातो. काही मायक्रोआरएनए तर मधुमेह होण्याच्या आधीपासून बदललेले होते. प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींना जास्त साखर दिली तर त्यांच्या पुटिकांतला मिर-१२६ घटला. कथा झकास जुळली: साखर अस्तराला त्रास देते, अस्तर संरक्षक चिठ्ठी पाठवणं थांबवतं, रक्तवाहिन्या खराब होतात. मीही दोन वर्षं विद्यार्थ्यांना हीच कथा उत्साहाने शिकवली. मग २०१३ मध्ये कळलं की प्लाझ्मातला मिर-१२६ बराचसा प्लेटलेटमधून येतो आणि ॲस्पिरिन घेतल्यावर तो खाली येतो. आता सांगा, मधुमेहींच्या गटात ॲस्पिरिन कोण घेत असतं? आपल्याकडे तर पन्नाशीच्या मधुमेह्याच्या डबीत ती गोळी हमखास असते. साखरेचा परिणाम खोटा ठरला असं नाही, पण त्यातला किती साखरेचा नि किती गोळीचा, हे औषधांची यादी लिहून न घेणाऱ्याला कधीच कळणार नाही.

मला जे सांगायचंय ते इथे येतं. चयापचयाचा आजार पुटिका बदलतो आणि त्याच वेळी तुम्ही त्या ज्यात शोधता ते रक्तही बदलतो. निरोगी माणसाच्या रक्तात चालणारी पद्धत मधुमेह्याच्या रक्तात फसते, आणि ती नेमकी तुम्हाला हव्या त्याच दिशेने फसते.

आमचाच किस्सा सांगते. सुरुवातीच्या काळात आम्ही मधुमेही आणि निरोगी अशा दोन गटांचे कण मोजले. मधुमेहींत पुटिका दुपटीहून जास्त! प्रयोगशाळेत पेढे वाटायचे बाकी होते. मग एका ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी सहज विचारलं, "अगं, पण यांचं रक्त कधी घेतलं?" निरोगी गट म्हणजे आमचेच सहकारी, सकाळी आठला उपाशीपोटी आलेले. रुग्ण ओपीडीत नंबर लावून अकरा वाजेपर्यंत बसलेले, आणि बसल्या बसल्या चहा-खारी, कुणी वडापाव खाल्लेला. आमच्या यंत्रात दिसणाऱ्या 'पुटिका' बहुतेक कायलोमायक्रॉन होते, म्हणजे जेवणानंतर रक्तात येणारे चरबीचे कण, म्हणजे वड्याचं तेल. सहा महिन्यांचं काम कपाटात गेलं. त्या बाई पुढे निवृत्त झाल्या, पण अजून कुणी नवा विद्यार्थी उड्या मारत आकडे घेऊन आला की माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघतं.

का फसतं ते समजून घ्या. रक्तात चरबी वाहून नेणारे कणही पुटिकांसारखेच बारीक असतात: एलडीएल वीस-पंचवीस नॅनोमीटरचं, व्हीएलडीएल ३० ते ८०, कायलोमायक्रॉन त्याहून कितीतरी मोठे. संख्येने ही मंडळी पुटिकांच्या कैक पट. आकारावरून वेगळं करायला जाल, म्हणजे साइज एक्सक्लुजन कॉलम वापराल, तर व्हीएलडीएल नि कायलोमायक्रॉन पुटिकांबरोबर उतरतात. घनतेवरून वेगळं करायला जाल तर एचडीएल सोबत येतं, कारण त्याची घनता पुटिकांएवढीच. आणि एचडीएलही पोटाशी मायक्रोआरएनए घेऊन फिरतं, हे २०११ पासून माहीत आहे. मधुमेह्याचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं, एचडीएल घटलेलं. म्हणजे दोन्ही पद्धतींची भेसळ दोन्ही गटांत वेगवेगळी. यावर एकच उपाय: दोन पद्धती एकापाठोपाठ वापरा, आणि शेवटच्या नमुन्यात सीडी९, सीडी६३, सीडी८१ (पुटिकांची ओळख पटवणारी प्रथिनं) आहेत एवढंच न दाखवता एपीओबी (चरबीच्या कणांचं प्रथिन) आणि अल्ब्युमिन किती उरलंय तेही दाखवा. आंतरराष्ट्रीय ईव्ही संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही, २०१४, २०१८ आणि अलीकडच्या आवृत्तीत, हेच सांगतात. बाटलीतलं द्रव टाकून गाळ काढणारे सोपे किट मिळतात. वेळ वाचतो, पण गाळात पुटिकांबरोबर काय काय बसतं ते विचारू नका.

त्यात आणखी, प्लाझ्मातला बराचसा मायक्रोआरएनए पुटिकांत नसतोच, तो एजीओ२ नावाच्या प्रथिनाला चिकटून मोकळा फिरतो. म्हणून आरएनए काढण्याआधी प्रोटिनेज (प्रथिनं तोडणारं विकर) आणि मग आरएनेज (आरएनए तोडणारं विकर) देऊन बाहेरचं सगळं संपवा. आत उरेल ते पुटिकेचं. ही पायरी गाळून 'एक्सोसोमल मायक्रोआरएनए' असं लिहिणं म्हणजे फलाटावरच्या गर्दीला डब्यातले प्रवासी म्हणण्यासारखं.

रक्त घेतानाच्या गोष्टी तर बोलायला सगळ्यांना कंटाळा येतो. हेपरिनची ट्यूब नको, ते पीसीआर बिघडवतं. सीरम नको, कारण रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःच्या पुटिकांचा पाऊस पाडतात. सायट्रेट किंवा ईडीटीए घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये २५०० जी वर १५ मिनिटं, एकदा नाही, दोनदा फिरवा, मगच उणे ८० ला ठेवा. लाल पेशी फुटल्यात का ते डोळ्यांनी बघून कळत नाही. आम्ही मिर-२३ए आणि मिर-४५१ए यांच्या सीटी आकड्यांतला (पीसीआरच्या कितव्या फेरीत रेणू दिसला त्या आकड्यांतला) फरक बघतो, तो ७ च्या वर गेला की नमुना बाजूला. एका जुलैत हिंदमाताला पाणी भरलं आणि वांद्र्याहून निघालेले आमचे २२ नमुने गाडीत पाच तास अडकले. प्लाझ्मा दिसायला स्वच्छ होता. फरक आला ९. सगळे टाकले. त्या विद्यार्थिनीचा चेहरा मला अजून आठवतो, पण ते नमुने ठेवले असते तर 'पावसाळ्यात मधुमेह वाढतो' असाही निष्कर्ष निघाला असता.

आणि तुलनेसाठी आधार म्हणून मिर-१६ कधीही घेऊ नका. जुने निबंध तोच घेतात. तो लाल पेशींत ठासून भरलेला असतो, म्हणजे फुटलेल्या पेशीच तुमची मोजपट्टी ठरतात. बाहेरून ठरावीक मात्रेत घातलेला गोलकृमीचा सेल-मिर-३९ वापरा, माणसात तो नसतोच.

आता जरा टोचणारी गोष्ट. २०१४ मध्ये सिॲटलच्या एका गटाने प्रत्यक्ष मोजलं की एखाद्या मुबलक मायक्रोआरएनएचीही सरासरी एक प्रतदेखील एका एक्सोसोममागे येत नाही. शंभर पुटिकांत एखादी, असं प्रमाण. मग लठ्ठ उंदराच्या पुटिकांनी सडपातळ उंदीर बिघडला तो मायक्रोआरएनएमुळेच, की पुटिकेतल्या स्निग्धद्रव्यांमुळे आणि प्रथिनांमुळे? की प्रयोगात टोचलेली मात्रा शरीरात कधीच नसते इतकी होती? माझं मत सांगते: एखाद्या पेशीच्या अगदी शेजारी, म्हणजे चरबीच्या थरात किंवा यकृताच्या सायनसॉइडमध्ये (पेशींमधल्या बारीक रक्तनलिकांत), पुटिकांची गर्दी इतकी असते की निरोप पोचणं शक्य आहे. दूरच्या अवयवाला रक्तातून नेमका निरोप जातो हे मी अजून पूर्ण मानत नाही. खबर म्हणून मात्र, रद्दीच्या गठ्ठ्याप्रमाणे, त्यांचं मोल पक्कं आहे. त्याला निरोप पोचण्याची गरजच नाही.

माल परत सुधारतो का? जठर-बायपास शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने चरबीपेशींच्या पुटिकांतले मायक्रोआरएनए बदलले आणि तो बदल इन्शुलिनच्या सुधारणेशी जुळला, असं २०१७ चं एक काम आहे, पण अगदी मोजक्या स्त्रियांवर. दमवणाऱ्या व्यायामानंतर काही वेळ रक्तात पुटिका वाढतात, हे जास्त ठिकाणी दिसलंय. म्हणून रक्त द्यायच्या दिवशी स्वयंसेवकाला स्टेशनचा जिना धावत चढू देऊ नका. मुंबईत हे सांगणं सोपं, पाळणं कठीण.

बाबांच्या तपासणीबद्दल. लघवीतल्या एक्सोसोमच्या आरएनएवर आधारलेली प्रोस्टेट कर्करोगाची चाचणी अमेरिकेत वापरात आहे, त्यामुळे ही कल्पना हवेतली नाही. पण मधुमेहाच्या निदानात किंवा उपचारात अशी चाचणी कुठल्याही मार्गदर्शक सूचनांत नाही. एक्सोसोमचा आकडा हातात आला तरी बाबांचे डॉक्टर त्यावरून एकही गोळी बदलू शकणार नाहीत. त्याच पैशांत एचबीए१सी, लिपिड, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि यकृताचा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करा. फायब्रोस्कॅनआधी वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेटवरून एफआयबी-४ हा यकृताच्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढा, फुकट आहे. आणि 'एक्सोसोम ड्रिप' विकणारं कुणी भेटलं तर पाठ फिरवा. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यांना कुठल्याही आजारासाठी मान्यता नव्हती.

प्रकल्पाबद्दल शेवटचं. दीडशे मायक्रोआरएनए मोजू नका. तीन मोजा: मिर-१२२, मिर-१२६, आणि लाल पेशींची चुगली करणारा मिर-४५१ए. वीस मधुमेही, वीस निरोगी, सगळ्यांची कंबर, ट्रायग्लिसराइड आणि ॲस्पिरिनची नोंद. प्रत्येक नमुना दोन वाटण्यांत: पुटिकांचा अंश वेगळा, उरलेला प्लाझ्मा वेगळा. मिर-१२२ कुठल्या वाटणीत वाढतो एवढं जरी नीट दाखवलंत तरी काम झालं. नैतिक समितीची परवानगी आधी, रक्त नंतर. बाबांना घ्यायचं असेल तर गाईडना तसं स्पष्ट सांगा आणि त्यांचा नमुना सांकेतिक क्रमांकाने कुणा दुसऱ्याला हाताळू द्या.

आणि डोंबिवलीच्या लॅबमध्ये रक्त काढून ट्यूब बॅगेत टाकून आठ-सतराच्या फास्टने आणू नका. बर्फातही ठेवू नका, थंडीने प्लेटलेट चिडतात. बाबांनाच उपाशीपोटी पहिल्या गाडीने परळला घेऊन या. रक्त इथेच काढू, तासाभरात फिरवू, आणि मग त्यांना खाली कँटीनमध्ये उपमा खाऊ घालू.